रामाजीची बोलणी

पिपळडोहात कुणाच्या घराला आग लागली की तो माणूस दोनदा घाबरायचा. एकदा आगीला आणि दुसऱ्यांदा रामाजी गायधन्याला. आग छप्पर खाऊन थांबायची तरी. रामाजी छप्पर वाचवायचा आणि मग घरधन्याची अक्कल सगळ्या गावादेखत बाहेर काढून वाळत घालायचा.

कन्हान नदीच्या काठावर, खाप्याच्या बाजाराला पायी जाता येईल इतक्या अंतरावर हे गाव. मातीच्या भिंती आणि गवताची छपरं. ज्यांचं बरं चाललं होतं त्यांच्या घरांवर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. होळी झाली की सगळं गाव असं वाळून जायचं की चिलमीतली एक ठिणगी अख्ख्या मोहल्ल्याला पुरावी. रामाजीचा धंदा घरं शाकारण्याचा. जुनं कुजलेलं गवत खाली ओढायला त्याच्याजवळ एक लांब बांबू होता, त्याच्या टोकाला लोखंडाची आकडी. तीच आकडी तो आगीवर घेऊन जायचा. जळतं छप्पर ओढून खाली पाडायचं आणि चिखलात तुडवायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर शेजारचं न जळलेलं छप्परही उतरवायचं, म्हणजे आगीला पुढे पाय टाकायला जागा राहत नाही.

त्याच्यासोबत देवराव तेली असायचा. तेलाच्या घाण्यावर बसून बसून अंगानं आडवा झालेला, पण भरलेला हांडा एका हाती फेकणारा. आणखी चार-पाच जण होते. पाण्याची बाजू रामाजीची बायको भागीरथा सांभाळायची. विहिरीपासून आगीपर्यंत बायकांची रांग ती लावायची आणि रांगेत कुणी रेंगाळलं की तिलाही नवऱ्यासारखीच जीभ होती. या मंडळींना कुणी नेमलेलं नव्हतं. त्यांना नाव नव्हतं, पगार नव्हता, आणि रामाजीच्या मते ज्यांच्यासाठी धावायचं त्यांची तेवढी लायकीही नव्हती.

नानाजीच्या घराचं उदाहरण गावात बरीच वर्षं सांगितलं जायचं. नानाजी सुतार, स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्यानं पावसाळ्याच्या सोयीसाठी वाळलेल्या तुराट्यांचा भारा चुलीच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. व्हायचं ते झालं. रामाजी आढ्यावर चढला, खाली धूर, वर ऊन, आणि त्या धुरातून त्याचा आवाज येऊ लागला. तुराट्या चुलीजवळ ठेवायची युक्ती नानाजीची की त्याच्या बापाची, हे तो विचारत होता. ओढलेलं गवत खाली पडत होतं तसे शब्दही पडत होते. अर्धं छप्पर वाचलं. नानाजीची बायको पदराला डोळे पुसत म्हणाली की याच्यापेक्षा सगळं जळू दिलं असतं तरी चाललं असतं. रामाजीनं ते ऐकलं आणि खाली उतरताना तिला सांगितलं की पुढच्या वेळी आधीच तसा निरोप पाठव, मी जेवण सोडून येत नाही.

हे सगळं तो गंमत म्हणून करत नव्हता. त्याला गावाचा खरोखर तिटकारा होता, आणि तो कुठून आला हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. तो विशी-बाविशीत असताना वैशाखात खालचा मोहल्ला पेटला. रामाजी त्या दिवशी खाप्याच्या बाजारात होता. तिथल्या घरात लकव्यानं खाटेला खिळलेली त्याची आई होती. तो परतला तेव्हा मोहल्ला राख झाला होता आणि लोक त्याच्या गळ्यात पडून रडत होते. रडता रडता प्रत्येकजण त्याला हेच सांगत होता की आम्ही आपापल्या छपरावर पाणी मारत होतो रे, आम्हाला सुचलंच नाही. त्याचा सख्खा काका बाबाराव तर दारात काठी घेऊन उभा होता. दोघं-चौघं त्याचं छप्पर उतरवायला आले होते, ते उतरलं असतं तर आग रामाजीच्या घराअलीकडेच अडली असती; पण त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. मग थोड्या वेळानं त्याचंही घर गेलं, काठीसकट. रामाजी त्या दिवशी रडला की नाही हे कुणी पाहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात एका आगीवर तो पहिल्यांदा आकडी घेऊन गेला, आणि त्या दिवसापासून बोलणीही सुरू झाली.

लोकांनी याचाही वेगळाच अर्थ काढला. घरं पाडतो म्हणजे पुन्हा शाकारायचं काम यालाच मिळतं, असं पारावर बसून ते एकमेकांना सांगायचे. खरं म्हणजे आगीत उतरवलेलं छप्पर रामाजी फुकट शाकारून द्यायचा. गवत घरधन्याचं, मेहनत त्याची. यावरून भागीरथेशी त्याची दरवर्षी वाजायची, कारण गावभर शाकारत फिरण्यात स्वतःच्या घराला हात लागायचा तो मृगाचे ढग आल्यावर. पारावरची ती गोष्ट त्याच्या कानावर गेली तेव्हा तो पारावरच गेला आणि तिथल्या सगळ्यांना म्हणाला की तुमच्या डोक्यावर गवत आहे हेच फार झालं, आत तर तेवढंही नाही.

एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराची गोष्ट. गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, गोपाळराव नागपूरला काही कामाला गेले आणि तिथून आग विझवायचा एक हातबंब घेऊन आले. कुठल्याशा कापसाच्या कारखान्यानं मोडीत काढलेला, चार चाकांचा, दोन्ही बाजूंनी दांडे असलेला, आणि ताजा लाल रंग दिलेला. बैलबंडीवरून तो गावात आला तेव्हा वाजंत्री होती. बंबाला हळद-कुंकू लागलं, हार चढला, नारळ फुटला. गोपाळरावांनी गावासाठी आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचं पथक काढलं आणि त्याचा कप्तान केला आपल्या मेहुण्याला. त्याचं नाव अनंत. नागपूरच्या महाल भागातला, शिक्षणात मन न रमल्यामुळे बहिणीकडे येऊन राहिलेला, गोरटेला, बारीक मिशी राखणारा. पथकाला खाकी चड्ड्या आणि लाल फीत आली. अनंताला त्याशिवाय शिट्टी मिळाली.

पथकात मालगुजाराचे गडी घेतले, कारण ते हाकेसरशी येत. देवरावलाही बोलावलं होतं, पण त्याच्या मापाची चड्डी निघेना, म्हणून त्याला परत पाठवलं. रामाजीला कुणी विचारलंच नाही. तो उघड म्हणाला की बरं झालं, आगीसमोर मांड्या दाखवत उभं राहायचं माझं वय राहिलं नाही.

पथकाचं उद्घाटन करायला मोठे गोरे साहेब येणार होते. मैदानात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग रचला. साहेब खुर्चीवर बसले, अनंतानं शिट्टी वाजवली, ढीग पेटवला, आणि गडी दांड्यावर वरखाली होऊ लागले. बंबानं आधी खोकला काढला. मग पाण्याची धार आली ती सरळ बायका बसल्या होत्या तिकडे गेली. नळीचं तोंड फिरवेपर्यंत पऱ्हाट्या जळून खाली बसल्या होत्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. रामाजी मागे उभा होता. तो देवरावला म्हणाला, पण आवाज त्याचा नेहमीचाच होता, "आग आपल्या मौतीनं मेली गा, अन् सत्कार बंबाचा होऊन राहिला."

गोपाळरावांनी ते ऐकलं. साहेबांनी ऐकलं, पण त्यांना ते कळलं नाही. त्यांनी हसून मान हलवली. गोपाळरावांना ती मान जास्त लागली.

मग बंब ठेवायला घर पाहिजे म्हणून जागा शोधली. खालचा मोहल्ला जळाला तेव्हापासून त्याच्या आणि वरच्या गावाच्या मधे एक पट्टा मोकळा पडला होता. तिथं कुणी घर बांधलं नव्हतं. कुणी ठरवलं होतं असं नाही, पण त्या जागेवर कुणाला चूल मांडायची हिंमत झाली नव्हती. त्या मोकळ्या पट्ट्यामुळे पुढे दोनदा खालची आग वर आली नाही, हे गावातल्या पोराथोरांनी पाहिलं होतं. गोपाळरावांनी नेमकं तिथंच बंबघर बांधायला काढलं, कारण ती जागा सडकेवरून दिसत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या अंमलदाराच्या नजरेत भरली असती. भागीरथा पाण्याला जाताना हे पाहून थांबली आणि तिथल्या तिथं मिस्त्रीला म्हणाली की आगीला वर यायला पूल बांधून राहिले का तुम्ही. मिस्त्री हसला. बंबघर झालं. हिरवं दार, मोठं कुलूप, आणि वर छप्पर गवताचं; कवेलू दिवाळीनंतर टाकायचे होते. दिवाळी झाली, पण कवेलू काही आले नाहीत.

पुढच्या वैशाखात, दुपारच्या जेवणाच्या वेळी खालच्या मोहल्ल्यात गुरांच्या एका कोठ्यात आग लागली. ढोरांना माश्या त्रास देतात म्हणून कुणी धुरी केली होती आणि कुटाराच्या, म्हणजे सुक्या भुशाच्या, ढिगाजवळ तशीच सोडून दिली होती. वारा नदीकडून वर गावाकडे होता. रामाजी पोचेपर्यंत दोन घरं गेली होती आणि तिसऱ्याच्या आढ्याला धूर लागला होता. त्यानं आणि देवरावनं मिळून चौथं उतरवलं. भागीरथेनं रांग लावली, पण उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला होतं, हांडे अर्धेच येत होते. गवताचे पेटते झुबके वाऱ्यावर उडू लागले. खालचा मोहल्ला जाणार हे दिसत होतं. प्रश्न वरच्या गावाचा होता, आणि मधे बंबघर होतं.

पथकाचे गडी बंबघरापाशी जमले होते, चड्ड्या घालून. दाराला कुलूप होतं. किल्ली अनंताजवळ होती आणि अनंत रामटेकला एका लग्नाला गेला होता. कुलूप तोडायची कुणाची छाती नव्हती. मालक रागावतील, असं ते म्हणत होते. मालक स्वतः वाड्याच्या गच्चीवर उभे राहून आपल्या छपरावर पाणी मारवत होते.

रामाजीनं बंबघराकडे पाहिलं, वाऱ्याकडे पाहिलं, आणि आकडी छपराला घातली. गड्यांपैकी एकानं त्याचा हात धरला. रामाजी त्याला म्हणाला, "सोड. किल्ली येतपर्यंत गाव थांबते, पण आग थांबत नाही." देवरावनं त्या गड्याला बाजूला केलं, म्हणजे उचलून ठेवलं. मग छप्पर आलं खाली, वासे आले, आणि दोघा-तिघांनी मिळून पलीकडची मातीची भिंतही लोटली. ती बंबावर पडली. पडलेलं गवत त्यांनी ओढून दूर नेलं, राहिलेल्यावर चिखल टाकला. आग तिथपर्यंत आली, इकडं तिकडं फिरली, आणि पुढे काही सापडलं नाही म्हणून बसली. वरचं गाव वाचलं. नानाजीचं घर त्या पट्ट्याला लागूनच, वरच्या अंगाला होतं. त्याच्या भिंतीला नुसती झळ लागली.

रामाजीच्या भुवया जळल्या होत्या. तरी तो त्या कोठ्याच्या मालकाला शोधत होता, धुरीबद्दल चार शब्द सांगायचे होते. देवराव मात्र ढिगाऱ्यात डोकावून पाहत होता. त्यानं बंबाची नळी बाहेर ओढली. ती उंदरांनी जागोजागी कुरतडली होती. किल्ली असती तरी बंबानं त्या दिवशी काय केलं असतं, हे ती नळी हातात घेतल्यावर कुणालाही कळलं असतं.

तिसऱ्या प्रहरी अनंत परत आला. लग्नातला फेटा डोक्यावर होता. त्याच्या सांगण्यावरून आणि गोपाळरावांच्या सहीनं रामाजीवर फिर्याद झाली की त्यानं पथकाच्या द्वेषानं, मुद्दाम, बंबघर पाडून बंबाचा नाश केला. तहसिलीच्या कचेरीत खटला उभा राहिला. गावातून साक्षीला माणसं बोलावली. अनंतानं सांगितलं की आपण असतो तर बंबानं आग लागल्या जागीच विझवली असती. तो तिथं का नव्हता, हे त्याला कुणी विचारलं नाही.

मग गावाची पाळी आली. ज्यांची घरं उभी होती ते एकेक जण पुढे आले आणि जमिनीकडे पाहून बोलले. कुणी त्या वेळी शेतात होतं. कुणी विहिरीवर होतं. कुणाची तब्येत बरी नव्हती. मालगुजाराच्या गावात राहायचं होतं, त्याच्या रानात ढोरं चारायची होती, म्हणून सगळ्यांची नजर एकाच दिवशी अधू झाली होती. मग नानाजीला विचारलं. तो म्हणाला, "धूर लय होता, साहेब. मले काही दिसलं नाही."

रामाजी त्याच्याकडे पाहत होता. नानाजीच्या भिंतीपासून बंबघर हाकेच्या अंतरावर नव्हतं, हाताच्या अंतरावर होतं.

देवराव एकटा बोलला. त्यानं नळीही आणली होती, पण तो आरोपीचा जोडीदार असल्यामुळे त्याचं बोलणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. शेवटी हाकिमानं रामाजीला विचारलं की तू हे घर का पाडलंस. रामाजीनं हात जोडले नाहीत. तो म्हणाला, "साहेब, त्या घराचा गावाले आजपर्यंत काही उपयोग झाला नव्हता. म्हटलं, पडून तरी होऊ द्या."

कचेरीत कुणीतरी हसलं आणि त्या हसण्यानं रामाजीचं नुकसान झालं. हाकिमाला तो उद्धट वाटला. महिनाभराची सक्तमजुरी झाली आणि त्याला नागपूरच्या जेलात पाठवलं. तिथं त्याचा धंदा कळल्यावर त्याला एका पडवीचं छप्पर शाकारायला लावलं. ते त्यानं मन लावून केलं. नंतर तो देवरावला सांगायचा की त्या जेलात पिपळडोहापेक्षा भली माणसं होती, निदान ती चोर आहेत हे कागदावर लिहिलेलं होतं.

तो परतला तेव्हा भागीरथेनं त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि मागची हकिकत सांगितली. तो नसताना एक आग लागली होती, लहानशी, एका शेतकऱ्याच्या कडब्याच्या गंजीला. देवराव आणि ती गेली होती. रामाजीनं विचारलं की आणखी कोण आलं होतं.

"पाहाले सगळं गाव आलं होतं," ती म्हणाली. "हात लावाले आम्ही दोघं."

रामाजी जेवला, उठला, आकडी पाहिली, आणि काही बोलला नाही. भागीरथेला वाटलं की थकवा असेल. पण तो दुसऱ्या दिवशीही बोलला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे घरात कामापुरतं बोलायचा, देवरावशी बोलायचा. गावाशी त्यानं तोंड बंद केलं होतं.

पावसाळा गेला, हिवाळा गेला, पुन्हा ऊन तापलं आणि आगी सुरू झाल्या. रामाजी पहिल्यासारखाच धावायचा. आकडी घालायचा, छप्पर ओढायचा, चिखल तुडवायचा, आणि आग विझली की आकडी खांद्यावर टाकून निघून जायचा. एक शब्द नाही. चुलीजवळ रॉकेलचा डबा ठेवणाऱ्या बाईला तो काही बोलला नाही. गंजीजवळ चिलीम ओढणाऱ्या म्हाताऱ्यालाही नाही. लोक मान खाली घालून वाट पाहत उभे राहायचे आणि त्यांना काहीच मिळायचं नाही. आधी त्यांना बरं वाटलं. मग चमत्कारिक वाटू लागलं. ज्याचं घर वाचलं त्यानं घरात जाऊन बसावं तर बसवेना, कारण झालेल्या गोष्टीचा निकालच लागला नव्हता. एक-दोघांनी तर स्वतःहून जाऊन त्याला सांगून पाहिलं की चूक आमचीच होती, राखेत विस्तव राहिला होता. रामाजीनं ऐकून घेतलं आणि गवताच्या पेंढ्या बांधत राहिला. भागीरथा म्हणायची की हे लोक मार खायला आले आणि तुम्ही त्यांना उपाशी परत पाठवता.

चैत्रात मालगुजाराच्याच गंज्यांना आग लागली. वाड्याच्या मागे वर्षाचा कडबा आणि भाताचं तणस रचून ठेवलं होतं. पथक तोवर मोडलं होतं. अनंत नागपूरला परत गेला होता, त्याचं लग्न ठरलं होतं. मोडका बंब गोपाळरावांनी रंग देऊन दुसऱ्या एका गावाला दान केला होता आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकही झालं होतं. त्या दिवशी वाड्यामागे गोपाळराव धोतराचा सोगा धरून उभे होते. गडी इकडून तिकडे पळत होते आणि पाणी कुठंच पोचत नव्हतं. समोरून रामाजी, देवराव आणि बाया येताना दिसल्या तेव्हा गोपाळरावांचा चेहरा आगीनं पडला होता त्याहून जास्त पडला. त्यांना वाटलं, आता हा सगळ्या गड्यांसमोर आपली शोभा करणार. खरं तर त्यांना ते चाललं असतं; मागचा हिशेब तरी त्यात मिटला असता.

रामाजीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. जळणारी गंजी त्यानं सोडून दिली, तिच्या दोन्ही बाजूंच्या गंज्या आकडीनं ओढून फोडल्या, गड्यांना खुणेनं कामाला लावलं. दुपार कलेपर्यंत ते झालं. वाडा वाचला, गुरांचे कोठे वाचले, निम्म्याहून जास्त कडबा वाचला. गोपाळराव जवळ आले. त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांनाही नीट माहीत नसावं. ते म्हणाले, "रामाजी, काही तरी बोल गा."

रामाजी राखेत काठी घालून विस्तव पाहत होता. तो म्हणाला, "बोलणं माणसासाठी असते, मालक. हांडे सांगा अजून, खाली ऊब आहे."

गोपाळरावांनी हांडे सांगितले. ते स्वतः एक हांडा घेऊन आले असं गडी नंतर सांगायचे, पण रामाजीला ते मान्य नव्हतं. तो देवरावला म्हणायचा की मालकांनी हांड्याला हात लावला, उचलला गड्यानंच.

त्यानंतर आगीवर येणाऱ्यांची संख्या वाढू लागली. साक्षीच्या दिवशी ज्यांना दिसलं नव्हतं त्यांना आता धूर लांबूनच दिसू लागला. पहिल्यांदा ते आले ते आपण आलो हे रामाजीनं पाहावं म्हणून. त्यानं पाहिलं आणि त्यांना चिखल तुडवायला लावलं. ते पुन्हा आले. त्यानं त्यांच्याविषयी आपलं मत बदललं नाही. देवरावला तो म्हणायचा की लाज आली म्हणून येऊन राहिले, उद्या लाज गेली की घरी बसतील. पण लाज काही जाईना, की तोवर सवय लागली होती, कुणास ठाऊक.

नानाजी मात्र येत नव्हता. तो रामाजीला चुकवायचा. बाजाराला जाताना लांबच्या वाटेनं जायचा. त्याची बायको भागीरथेला विहिरीवर भेटली की दोघी हांडे भरायच्या आणि निघून जायच्या.

मग एका उन्हाळ्यात वरच्याच गावात आग लागली. एका पडक्या घरात, जिथं कुणी राहत नव्हतं आणि लोक कचरा टाकत होते. तिथून ती शेजारच्या घरावर गेली. वारा उलटसुलट होता. रामाजीनं पाहिलं की पुढचं घर नानाजीचं आहे आणि ते उतरवलं नाही तर पुढची सगळी ओळ जाईल. तो आकडी घेऊन वळला. तेव्हा त्याला दिसलं की नानाजी आधीच आपल्या छपरावर बसला आहे. गवताच्या जागी त्यानं मागच्याच वर्षी कवेलू टाकले होते, पदरचा पैसा घालून, बायकोच्या हातातला गोट मोडून. तो दोन्ही हातांनी कवेलू काढून खाली टाकत होता आणि वासे मोकळे करत होता. खाली त्याची बायको उभी होती. ती रडत होती आणि पडलेले कवेलू गोळा करून बाजूला रचत होती.

रामाजी शिडीवर चढला. वरून त्यानं खाली फुटलेल्या कवेलूंकडे पाहिलं. मग गावानं जवळजवळ दोन वर्षांनी त्याची बोलणी ऐकली.

"फेकून काहून राहिला गा, सुतार? हातात दे ना. एवढे कवेलू फोडशील तं पावसात डोक्यावर काय घेशील, तुह्या साक्षीतला धूर?"

नानाजी थांबला. त्याचा चेहरा काजळीनं भरला होता. त्यानं एक कवेलू उचलला आणि रामाजीच्या हातात दिला. रामाजीनं तो खाली देवरावकडे दिला. मग दुसरा, मग तिसरा. दोघंही पुढे एक शब्द बोलले नाहीत, फक्त नानाजीला कवेलू कसा धरायचा हे येत नाही असं रामाजी अधूनमधून सांगत होता. छप्पर उतरलं. आग भिंतीपर्यंत आली आणि तिथंच मेली.

ओळ वाचली. नानाजीचं कुटुंब पंधरवडाभर उघड्या आभाळाखाली राहिलं. रामाजी रोज सकाळी यायचा, वाशांवर बसायचा, आणि नानाजी त्याला कवेलू वर द्यायचा. नानाजीच्या बायकोनं एकदा त्याला जेवून जायला सांगितलं. तो जेवला, आणि भाजीत मीठ कमी आहे असं सांगून उठला. ती चुलीकडे तोंड करून हसली. आढ्यावरचे शेवटचे कवेलू लावायला आणखी दोन दिवस लागले, कारण मधे खालच्या मोहल्ल्यात एक गंजी पेटली आणि दोघांनाही काम सोडून धावावं लागलं.